'करण' आणि 'भवन' : स्नायुतंतूच्या घडणीचे मराठी वर्णन

१

मराठीतील शास्त्रीय लेखनाची चर्चा आजवर मुख्यत्वे नामांभोवती फिरत राहिली आहे. अमुक संज्ञेस प्रतिशब्द कोणता घ्यावा, तो संस्कृतातून घडवावा की बोलीतून उचलावा, रूढ शब्द टाकून नवा स्वीकारावा की नाही, ह्या प्रश्नांची चिकित्सा कोशकारांनी आणि परिभाषा-मंडळांनी पुष्कळ केली आहे, व तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि शास्त्राचा विषय जेव्हा एखादी स्थिर वस्तू नसून घडामोड असते, तेव्हा वर्णनाचा भार नामापेक्षा क्रियापदावर अधिक पडतो. कोण हालले, कोण जागीच राहिले, कोणाचे स्वत्व टिकले आणि कोणाचे गेले, हे सांगण्याचे सामर्थ्य क्रियापदात आणि त्याच्या प्रयोगात असते. क्रियापद चुकले की प्रतिशब्द निर्दोष असूनही ज्ञान सदोष होते.

ह्या विधानाची कसोटी पाहण्यासाठी जीवविज्ञानातील एक घडामोड घेणे सोयीचे आहे : वाढत्या स्नायुपेशी एका दिशेने लागून त्यांच्यापासून नवा स्नायुतंतू कसा घडतो. वर्गातील व्याख्यानांत आणि विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत ही घडामोड बहुधा 'अनेक पेशींच्या एकत्रीकरणाने स्नायुतंतू तयार होतो' अशा आशयाच्या एका वाक्यात उरकली जाते. वाक्य शुद्ध आहे, सुटसुटीत आहे, आणि परीक्षेत त्यास गुणही मिळतील. परंतु ह्या एका वाक्यात निदान तीन भिन्न अवस्था बुजून गेल्या आहेत, आणि जे कोणी केलेले नाही ते कोणीतरी केले असा आभासही त्यातून उत्पन्न होतो. हा दोष लिहिणाऱ्याच्या अज्ञानाचा नव्हे. तो भाषेच्या सवयीचा आहे.

२

प्रथम घडामोड काय आहे ते पाहणे अवश्य आहे. हाडांना जोडलेल्या आणि इच्छेनुसार हालणाऱ्या स्नायूचा घटक म्हणजे स्नायुतंतू. बहुतेक पेशींत एकच केंद्रक असते. स्नायुतंतूत मात्र पुष्कळदा शेकडो केंद्रके आढळतात, कारण तो एका पेशीच्या वाढीने झालेला नसून अनेक पेशींपासून बनलेला असतो. ह्या पूर्वगामी पेशींस येथे 'स्नायुजनक पेशी' असे म्हटले आहे. त्या एककेंद्रकी असतात आणि काही काळ विभाजनाने आपली संख्या वाढवीत राहतात. पुढे विभाजन थांबते. पेशी लांबट होते व दोन्ही टोकांस निमुळती होऊन चातीसारखी दिसू लागते. मग ती सरकते, शेजारच्या पेशीस स्पर्श करते, आणि दोघींचे लांब अक्ष समांतर येतील अशा रीतीने तिच्या कुशीस लागते. पेशीपृष्ठावरील कॅडहेरिन ह्या वर्गातील प्रथिने कॅल्शियमच्या साहाय्याने दोघींना एकमेकींस धरून ठेवतात. अखेरीस स्पर्शाच्या जागी दोन्ही आवरणे एकमेकांत उघडतात आणि दोन पेशींतील द्रव्य एक होते. केंद्रके मात्र एक होत नाहीत. प्रथम ती नव्या, नळीसारख्या तंतूच्या मध्यभागी रांगेने राहतात, आणि तंतू प्रौढ झाला म्हणजे त्याच्या कडेला सरकतात.

लागणे, चिकटणे आणि एक होणे ह्या तीन अवस्था केवळ वर्णनाच्या सोयीसाठी वेगळ्या केलेल्या नाहीत. प्रयोगातही त्या वेगळ्या करता येतात. संवर्धनद्रवात कॅल्शियम अपुरे असेल तर स्नायुजनक पेशी लांबतात, शेजारी लागतात, परंतु एक होत नाहीत. २०१३ साली 'मायोमेकर' ह्या प्रथिनाचा शोध लागला. ते ज्यांच्यात निर्माणच होत नाही अशा मूषकांच्या गर्भात स्नायुजनक पेशी होतात, स्नायूची विशिष्ट प्रथिनेही बनवितात, परंतु एकेकट्याच राहतात. तंतू घडत नाही, आणि पिल्लू जन्मताच मरते. २०१७ साली आणखी एक प्रथिन तीन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे शोधले व त्यास 'मायोमर्जर', 'मायोमिक्सर' आणि 'मिनियन' अशी तीन नावे मिळाली. एरवी कधीही एक न होणाऱ्या तंतुजनक पेशींत ही दोन्ही प्रथिने घातली असता त्या पेशी एकमेकींत मिसळू लागतात. त्याच २०१७ साली माणसात मायोमेकरच्या जनुकातील दोषामुळे चेहऱ्याचे व अंगाचे स्नायू दुर्बळ राहणारा एक जन्मजात विकार होतो हेही सिद्ध झाले. ज्या भाषेत ह्या तीन अवस्थांना एकच शब्द आहे, त्या भाषेत ह्या विकाराचे कारण सांगता येणार नाही. कारण तेथे पेशी 'एकत्र' आलेल्या असतात, पण तंतू नसतो.

३

क्रियापदाकडे वळण्यापूर्वी दोन नामांचा उलगडा करणे भाग आहे. मराठीत स्नायू म्हणजे हालचाल घडविणारा मांसल अवयव, आणि पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हे दोन्ही शब्द आहेत, पण त्यांचे अर्थ हे नव्हेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी पाचशे आणि स्नायू नऊशे सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, अर्थात आजचा स्नायू. आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून धरणारा दोर. फळ्या पक्क्या बांधलेली नाव जशी भार वाहते तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार वाहते, असा दृष्टान्तही तेथे येतो. मराठीत स्नायू बंधनाच्या अर्थाकडून मांसाच्या अर्थाकडे आला, आणि मांसाची जागा सोडलेली पेशी सूक्ष्म घटकाच्या अर्थी स्थिरावली. गुजराती आणि कन्नड ह्या भाषांतही स्नायू म्हणजे मांसल अवयवच. परंतु सूक्ष्म घटकास तेथे कोष किंवा कोश म्हणतात. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू व कोशिका म्हणजे पेशी. बंगालीत पेशी म्हणजे स्नायू आणि स्नायू म्हणजे चक्क चेतातंतू.

हा गोंधळ केवळ कोशापुरता नाही. ठाण्याच्या बाळकुम नाक्यासारख्या ठिकाणी त्याचे रोजचे रूप दिसू शकते. एका अंगास जुनी आगरी वस्ती, दुसऱ्या अंगास कारखान्यांच्या आणि बांधकामांच्या निमित्ताने येऊन राहिलेली हिंदीभाषक कुटुंबे, आणि कशेळीच्या पुलापलीकडे भिवंडी, अशी त्या गावाची ठेवण आहे. अशा एकाच गल्लीतील दोन मुले, एक मराठी माध्यमाच्या आणि एक हिंदी माध्यमाच्या शाळेतले, शेजारी बसून अभ्यास करू लागली तर एकाच्या पुस्तकातील पेशी ही दुसऱ्याच्या पुस्तकातील मांसपेशीचा अंश ठरते. 'पेशींपासून स्नायू होतो' हे मराठी वाक्य हिंदी कानाला 'मांसापासून शीर होते' ह्यासारखे विपरीत ऐकू येण्याचा संभव आहे. मराठी विश्वकोशाच्या जीवविज्ञानविषयक नोंदींत कोशिका हा शब्द स्वीकारून पेशी हा त्याचा पर्याय दिलेला आढळतो तो ह्यामुळे सहेतुक वाटतो. तरीही शाळेत, दवाखान्यात आणि वृत्तपत्रांत पेशी हाच शब्द रुजला आहे. पुण्यातील जी संस्था हिंदीत राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते, तिला मराठी वाचक पेशी विज्ञान केंद्र म्हणूनच ओळखतो. रूढीने दिलेला अर्थ व्युत्पत्तीच्या बळावर परत घेता येत नाही. म्हणून पेशी आणि स्नायू ही जोडी आज आहे तशीच राखणे इष्ट; मात्र शेजारच्या भाषांत तिचा अर्थ फिरतो ही जाणीव शिक्षकाने विद्यार्थ्यास एकदा करून दिली पाहिजे.

बोलीने स्नायूला दिलेले नाव ह्या सर्वांहून निराळे आहे. दंड आवळला की उठणाऱ्या उंचवट्यास मराठीत बेटकुळी म्हणतात, म्हणजे लहानशी बेडकी. लॅटिनमध्ये स्नायूचा शब्द 'लहान उंदीर' ह्या अर्थाचा आहे, आणि ग्रीकमध्ये उंदीर व स्नायू ह्यांना एकच शब्द आहे. 'मायोमेकर'मधील 'मायो' तोच. कातडीखाली काहीतरी जिवंत हालते आहे, ही दोन दूरच्या लोकांना सुचलेली एकच कल्पना होय. ह्या बोलीतील शब्दात आपोआप हालण्याची जी जाण आहे ती पाठ्यपुस्तकी शब्दांत उरली नाही, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

४

स्नायुतंतूत अनेक केंद्रके कशी येतात ह्याविषयी शंभर वर्षांहून अधिक काळ वाद होता. थिओडोर श्वानने १८३९ सालीच तंतू अनेक पेशी मिळून होतो असे मत मांडले होते. पुढे दुसरा पक्ष प्रबळ झाला. एकच पेशी लांबत जाते, तिचे केंद्रक पुनःपुन्हा विभागते आणि पेशी मात्र विभागत नाही, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. सूक्ष्मदर्शकाखाली अखेरचे रूप दोन्ही पक्षांना सारखेच दिसत होते. वाद त्या रूपाविषयी नव्हताच. ते रूप कोणत्या क्रियेचे फळ आहे ह्याविषयी होता. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर नाम दोघांचे एकच, क्रियापद मात्र वेगळे.

१९६० च्या सुमारास संवर्धित पेशींच्या चित्रफितींनी आणि केंद्रकातील द्रव्यावर खूण करून केलेल्या प्रयोगांनी पहिल्या पक्षाकडे पारडे झुकविले. १९६७ साली बिआट्रिस मिंट्झ आणि विल्बर बेकर ह्यांनी जिवंत प्राण्यात त्यास निर्णायक पुरावा दिला. दोन भिन्न वंशांच्या मूषकगर्भांतील आरंभीच्या पेशी एकत्र करून त्यांनी मिश्र मूषक वाढविले. दोन वंशांत एका विकराची दोन वेगळी रूपे होती, आणि हा विकर दोन घटकांच्या जोडीने बनतो. मिश्र मूषकाच्या इतर अवयवांत प्रत्येक वंशाची शुद्ध जोडीच सापडली. हाडांशी जोडलेल्या स्नायूत मात्र एक घटक एका वंशाचा आणि दुसरा दुसऱ्याचा अशी संकरित जोडीही सापडली. दोन वंशांची केंद्रके एकाच आवरणाच्या आत, एकाच द्रव्यात नांदत असल्याखेरीज असे होणे शक्य नाही.

ह्या प्रयोगाच्या वर्णनात 'एकत्रीकरण' हा शब्द एका जागी यथार्थ आहे. दोन गर्भांच्या पेशी शास्त्रज्ञांनी खरोखरच एकत्र केल्या. ते एकत्रीकरण होय. त्यानंतर त्या पेशींच्या वंशजांनी स्नायूत जे केले, ते मात्र एकत्रीकरण नव्हे. एकाच परिच्छेदात दोन्हींसाठी तोच शब्द आला, तर प्रयोग करणाऱ्याचा हात कोठे थांबला आणि पेशींची गती कोठे सुरू झाली हे वाचकास कळणार नाही.

५

येथे संस्कृत व्याकरणातील एक जुना भेद उपयोगी पडतो. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, ह्या अर्थी नामास च्वि प्रत्यय लागतो आणि पुढे 'कृ' किंवा 'भू' हा धातू येतो. 'कृ' आला की कोणीतरी करणारा असतो. 'भू' आला की ती वस्तू स्वतःच पालटते. मराठीने हा भेद काही ठिकाणी उत्तम राखला आहे. शुद्धीकरण, विद्युतीकरण, राष्ट्रीयीकरण ही माणसाची कामे आहेत, म्हणून तेथे 'करण'. उन्हाने पाण्याची वाफ होते ते बाष्पीभवन. तेथे 'करण' म्हणण्याचे कोणास सुचत नाही. जीवविज्ञानाच्या मराठीत मात्र 'करण'ची रूपे सर्रास शिरली आहेत. शासनव्यवहाराच्या भाषेतून ती सवयीने आली असावीत असे त्यांच्या ठेवणीवरून वाटते. अनेक पेशींचा एक तंतू होणे हे व्याकरणातील ह्या व्याख्येचे जणू आदर्श उदाहरण आहे : जे एक नव्हते ते एक झाले. त्यास 'एकीभवन' म्हणावे, 'एकीकरण' म्हणू नये.

हीच गोष्ट पहिल्या अवस्थेची. पेशी एका दिशेने लागणे ह्यासाठी 'संरेखन' हा शब्द हाताशी आहे. रस्त्याच्या, कालव्याच्या किंवा बाळकुम नाक्यावरून भिवंडीकडे जाणाऱ्या मेट्रो मार्ग ५ च्या संरेखनाविषयी वृत्तपत्रांत लिहिले जाते, आणि तेथे तो शब्द योग्य आहे. कारण तेथे कोणीतरी नकाशावर रेघ आखलेली असते. स्नायुजनक पेशींसाठी अशी रेघ कोणी आखत नाही. सपाट काचेवर त्या वाढविल्या तर जागोजागी त्यांचे समांतर पुंजके होतात, आणि एका पुंजक्याची दिशा दुसऱ्याशी जुळतेच असे नाही. काचेऐवजी बारीक खोबणींचा पृष्ठभाग दिला, अथवा एका दिशेने ताण दिला, तर मात्र सर्वांना एकच दिशा मिळते. शरीरात हे काम भोवतालच्या ऊती, कंडरा आणि त्यांचा ताण करतात. दिशा मिळते बाहेरून, पण वळते ती पेशीच.

हा दुहेरीपणा सांगण्यास संस्कृत नामापेक्षा मराठी धातू अधिक समर्थ आहेत. लागणे आणि लावणे, जुळणे आणि जुळविणे, वळणे आणि वळविणे अशा जोड्या मराठीत सहज आहेत. 'खोबणी पेशींना वळवितात आणि पेशी शेजारी लागतात' ह्या वाक्यात प्रयोजक आणि अकर्मक रूपे आपापले काम चोख करतात. 'पेशींचे संरेखन होते' ह्यात दोन्ही कामे हरवतात. नाम हवेच असेल तर विणकराच्या 'ताणा' ह्या शब्दाकडे पाहावे. भिवंडीच्या मागांवर ताणा म्हणजे समांतर आणि ताणून धरलेले धागे. समांतरता आणि ताण ह्या दोन्ही कल्पना त्या एका शब्दात आहेत. उणीव एवढीच की ताण्याचे धागे अखेरपर्यंत वेगळे राहतात. 'तंतू' ह्या शब्दाचीही हीच अडचण आहे. सुताच्या तंतूत कापसाचे धागे समांतर लागून पिळले जातात, पण एकमेकांत उघडत नाहीत. शिवाय मराठीत चेतातंतूही तंतूच. तो मात्र एकाच पेशीचा लांबलेला फाटा असतो. एकाच नावाच्या ह्या दोन वस्तूंची घडण परस्परविरुद्ध आहे हे सांगितल्याखेरीज 'तंतू' हा शब्द वर्गात सोडून देणे धोक्याचे आहे.

६

तिसऱ्या अवस्थेसाठी चार शब्द पुढे येतात : विलीनीकरण, संयोग, संमीलन आणि मिलन. विलीनीकरणाचा अर्थ मराठी मनात संस्थानांच्या इतिहासाने ठरविला आहे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे त्याची पृथक् सत्ता संपली. स्नायुतंतूत मात्र प्रत्येक केंद्रकाची सत्ता चालू राहते; आपल्या भोवतालच्या भागासाठी प्रथिनांचे आदेश ते देतच राहते. संयोग हा शब्द रसायनाने घेतला आहे. मिलन काव्याचे आहे, आणि त्यात स्पर्श असला तरी एकरूपता नाही.

संमीलनाची अडचण अधिक गंभीर आहे. पदार्थविज्ञानात अणूंची केंद्रके एक होतात त्यास 'केंद्रकीय संमीलन' म्हणतात, आणि मराठीत अणूच्या व पेशीच्या अंतर्भागास केंद्रक हा एकच शब्द आहे. एका तासाला केंद्रकीय संमीलन शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या तासाला 'बहुकेंद्रकी तंतू पेशींच्या संमीलनाने होतो' असे ऐकेल, तर केंद्रकेही एक झाली असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती एक न होणे हेच ह्या घडामोडीचे वैशिष्ट्य होय. शिवाय दीर्घ ईकार असलेल्या 'मील्' धातूचा अर्थ मिटणे. उन्मीलन-निमीलन ही त्याचीच रूपे, आणि ग्रहणगणितात बिंब पूर्ण झाकले जाण्यास संमीलन म्हणत. मिळणे ह्या अर्थी ऱ्हस्व इकाराचे 'संमिलन' हवे होते. रूढी झाल्यावर पदार्थविज्ञानास तो शब्द टाकावयास सांगण्यात अर्थ नाही. पण जीवविज्ञानाने तो उसना घेण्याचे कारण नाही.

ह्या ठिकाणी व्याकरणाकडे एक अधिक अचूक प्रतिमा आहे, ती समासाची. 'तोंडाने पाठ' ह्यातून 'तोंडपाठ' होताना दोन्ही शब्द शिल्लक राहतात. मधला विभक्तिप्रत्यय लोपतो आणि पद एक होते. स्नायुतंतूत लोपते ते मधले आवरण, उरतात ती केंद्रके. शिवाय पाणिनीच्या शास्त्रात दोन पदे केवळ शेजारी आली म्हणून समास होत नाही. त्यांच्यात अर्थाचे सामर्थ्य असावे लागते. पेशींचेही तसेच. तंतुजनक पेशी स्नायुजनक पेशीच्या कितीही निकट असली तरी ती आपणहून एक होत नाही. पृष्ठभागावरील प्रथिनांचे सामर्थ्य तेथे नसते. ह्या सामर्थ्यास 'ओळख' म्हणण्याचा प्रघात आहे. तो चालेल, परंतु ही ओळख ज्ञानाची नसून रेणूंच्या परस्पर बसण्याची आहे, हे एकदा स्पष्ट केले पाहिजे. प्रतिमेची मर्यादाही सांगितली पाहिजे : समास उलगडून विग्रह करता येतो; तंतूचा विग्रह होऊन पुन्हा त्याच पेशी मिळत नाहीत.

७

ह्या विषयातील एक महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जॉयस फर्नांडिस आणि के. विजयराघवन ह्यांनी मायकेल बेट ह्यांच्यासह फळमाशीच्या उड्डाणस्नायूंची घडण १९९१ साली प्रसिद्ध केली. अळीची माशी होताना अळीचे बहुतेक स्नायू विरघळून जातात. छातीच्या मधल्या खंडात मात्र प्रत्येक बाजूस तीन स्नायू टिकून राहतात. स्नायुजनक पेशींचे थवे त्यांच्याभोवती जमतात, त्यांच्यात मिसळतात, हे तीन स्नायू उभे दुभंगतात, आणि त्यांतून माशीचे सहा लांबट उड्डाणस्नायू होतात. त्यांना छेदून जाणारे दुसरे स्नायू मात्र अशा कोणत्याही जुन्या स्नायूवाचून मुळापासून घडतात.

ह्या टिकलेल्या स्नायूंस 'साचा' म्हणावे असे प्रथम सुचते. परंतु साचा वस्तूस आकार देऊन बाजूस राहतो. येथे आकार देणारा स्वतःच नव्या वस्तूचा अंश होतो. कोकणातील कलमाचा 'खुंट' ह्या कल्पनेच्या अधिक जवळ आहे, कारण खुंटही झाडात राहतो आणि त्यावर बांधलेली फांदीही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे जुने स्नायू नष्ट करून पाहण्यात आले. तरीही उड्डाणस्नायू झाले, पण त्यांची संख्या नियमित राहिली नाही. म्हणजे खुंट स्नायू होण्याची शक्ती देत नाही. तो संख्या आणि मांडणी ठरवितो. ह्यामुळे 'नवा स्नायू' ह्या शब्दप्रयोगाचाच विचार करावा लागतो. ज्यात जुना अंश आहे तो नवा की जुना? मराठी वाक्यात 'पासून' आणि 'वर' ह्या दोन अव्ययांनी हा भेद नेमका दाखविता येतो : मुळापासून घडलेला आणि जुन्यावर घडलेला. इतका साधा उपाय हाताशी असता 'नवनिर्मिती' ह्या एका शब्दाने दोन्ही झाकण्याचे प्रयोजन नाही.

फळमाशीत आणखी एक भेद आहे. तिच्या गर्भात काही पेशी 'प्रवर्तक' असतात. कोणता स्नायू व्हावयाचा ते त्या ठरवितात, आणि बाकीच्या पेशी त्यांच्यात मिसळतात. हा तत्पुरुषासारखा, एक पद प्रधान असलेला प्रकार झाला. मूषकाच्या पेशींत इतकी ठाम विभागणी दिसत नाही. तेथील तंतू द्वंद्वाच्या जवळचा आहे. पहिल्या प्रकारास 'मिसळणे' आणि दुसऱ्यास 'एक होणे' असे म्हटले तर मराठीत हा भेद परिभाषेवाचूनही उमटतो.

८

हा सारा विचार वर्गापुरता नाही. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो ह्याने बेडकाच्या पायाच्या स्नायूत, तंतूचे आवरण आणि त्याभोवतालचे वेष्टन ह्यांच्या फटीत निजलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविल्या. त्यांच्या नावाचे शब्दशः भाषांतर 'उपग्रह पेशी' असे होईल. पण त्या कशाभोवती फिरत नाहीत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक, पाठराखा. म्हणून 'अनुचर पेशी' हे नाव अधिक यथार्थ. स्नायूस इजा झाली की ह्या पेशी जाग्या होतात, विभागतात, शेजारी लागतात आणि नवा तंतू घडतो. मृत तंतूचे उरलेले रिकामे वेष्टनच त्यांची वाट आखून देते, हे २०१६ साली जिवंत मूषकात प्रत्यक्ष पाहण्यात आले.

दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने येणारी दुर्बलता ही निराळी गोष्ट. तीत तंतू मुख्यतः बारीक होतात आणि व्यायामाने पुन्हा भरू शकतात. २०२० साली बाळकुम-साकेत भागात ठाणे महानगरपालिकेचे कोविड रुग्णालय उभे राहिले होते. अशा रुग्णालयातून आठवडे काढून घरी परतणाऱ्या माणसास 'तुमच्या स्नायूंच्या पेशी कमी झाल्या' असे कोणी सांगितले, तर तो काय समजेल? मराठी घरात 'पेशी कमी झाल्या' म्हणजे रक्ताचा अहवाल बिघडला. हिंदीभाषक शेजाऱ्यास त्यातून मांसच गेले असे वाटेल. आणि गेलेल्या पेशींसाठी औषध हवे, व्यायामाने काय होणार, असा निष्कर्ष दोघेही काढू शकतील. 'तुमचे स्नायू बारीक झाले आहेत, चालत राहिलात तर भरतील' हे वाक्य अधिक सोपे आहे, आणि अधिक खरेही आहे.

प्रारंभी घेतलेले वाक्य आता असे लिहिता येईल : 'स्नायुजनक पेशी विभागणे थांबवितात, लांबतात, एकमेकींच्या कुशीस समांतर लागतात व चिकटतात, मग मधली आवरणे उघडून त्यांचे एकीभवन होते, पण केंद्रके वेगळीच राहतात.' ह्यात नवा घडविलेला शब्द जवळजवळ नाही. लांबी वाढली आहे हे खरे. परंतु वाढली ती माहितीने वाढली. इंग्रजीत नुकत्याच सापडलेल्या प्रथिनांना जी नावे मिळाली, त्यांतही 'करणारा' आणि 'मिसळणारा' असे कर्तेच कल्पिलेले आहेत. म्हणजे हा मोह एकट्या मराठीचा नव्हे. मराठीजवळ मात्र करणे आणि होणे ह्यांतील भेद धातूंत, प्रयोजक रूपांत आणि संस्कृताकडून आलेल्या 'भवन'मध्ये असा तीन ठिकाणी तयार आहे. परिभाषेच्या पुढील याद्या करताना नामांच्या रकान्याशेजारी क्रियापदांचा एक रकाना ठेवला, तर स्नायुतंतूपुरतीच नव्हे, तर इतरही अनेक घडामोडींची मराठी वर्णने सुधारतील.